कुलाबा स्टेशन : मुंबईच्या उपनगरी लोहमार्गाचें लुप्त झालेलें दक्षिण टोंक

मुंबई शहराच्या पश्चिम किनाऱ्यानें जाणारी उपनगरी आगगाडी आज चर्चगेट येथें येऊन थांबते. रूळ तेथें संपतात व त्यांच्या दक्षिणेस रस्ते आणि इमारती यांवांचून कांहीं दिसत नाहीं. यामुळें हा लोहमार्ग आरंभापासून चर्चगेटपाशींच संपत असला पाहिजे, असा समज बराच रूढ झालेला आहे. तो निराधार आहे. चर्चगेटच्या पुढें हा मार्ग ओव्हल व कूपरेज या मैदानांच्या पश्चिमेकडून, समुद्र उजव्या हातास ठेवून, कुलाब्यापर्यंत जात असे आणि तेथें त्याचें शेवटचें स्टेशन होतें. सुमारें १८७३ पासून ता. ३१ डिसेंबर १९३० पर्यंत, म्हणजे ५७ वर्षें, कुलाबा हेंच या मार्गाचें दक्षिण टोंक होय.

चालू स्थितीत असलेलें, नुकतेंच विजेच्या गाड्यांची सोय झालेलें असें स्टेशन एकाएकीं बंद कां व्हावें, हा या विषयांतील मुख्य प्रश्न आहे. उतारू नव्हते म्हणून तें बंद झालें, असें म्हणतां येत नाहीं. या स्टेशनाचा जन्म आणि अंत या दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे; ती म्हणजे समुद्र हटवून मिळविलेली जमीन. एका भरणीनें त्यास जागा दिली व दुसऱ्या भरणीनें ती परत घेतली. हें कसें घडलें तें कालक्रमानें पाहूं, व शेवटीं या इतिहासाचा जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस काय उपयोग आहे तें सांगूं.

(१) नांवाचा घोटाळा

आरंभींच एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. मराठी कागदांत ‘कुलाबा’ हें नांव किमान तीन स्थळांस लागू पडतें. पहिलें स्थळ म्हणजे अलिबागेसमोरील समुद्रांतला कुलाबा किल्ला. शिवछत्रपतींच्या कारकीर्दीच्या अखेरीस बांधावयास घेतलेला हा जलदुर्ग पुढें आंग्रे घराण्याचें मुख्य ठाणें झाला, आणि ‘कुलाबकर आंग्रे’ हें अभिधान त्यावरूनच पडलें. आंग्र्यांचें संस्थान १८४० सालीं कंपनी सरकारनें खालसा केलें. दुसरें स्थळ म्हणजे १८६९ सालीं निर्माण झालेला कुलाबा जिल्हा. त्याचें नांव १९८१ सालीं बदलून रायगड असें करण्यांत आलें. तिसरें स्थळ म्हणजे मुंबईच्या सात बेटांपैकीं दक्षिणेकडचें कुलाबा बेट. आपल्या लेखाचा विषय या तिसऱ्याशीं संबद्ध आहे. नुसत्या ‘मुक्काम कुलाबा’ एवढ्या उल्लेखावरून स्थळनिश्चय करणें धोक्याचें होय. आंग्रेकालीन पत्रांत बहुधा पहिलेंच स्थळ अभिप्रेत असतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील महसुली कागदांत दुसरें, आणि रेल्वेच्या, कापसाच्या किंवा लष्करी छावणीच्या कागदांत तिसरें असण्याचा संभव अधिक. तथापि प्रत्येक वेळीं संदर्भ पाहूनच निर्णय केला पाहिजे.

(२) बेटाचें शहराशीं संधान

मुंबईचें कुलाबा बेट मूळचें कोळी लोकांच्या वस्तीचें. इंग्रजांनीं तेथें लष्कराची छावणी वसविली. परंतु मुख्य शहराशीं त्याचा संबंध ओहोटीच्या वेळीं पायवाटेनें किंवा भरतीच्या वेळीं नावेनें येत असे. १८३८ सालीं कुलाब्याचा बांधरस्ता पुरा झाला व ही अडचण दूर झाली. याचा पहिला मोठा परिणाम व्यापारावर झाला. त्यापूर्वीं कापसाच्या गांठी टाऊन हॉलच्या समोरील पटांगणांत पडून राहत. कोटाच्या आंत दाट वस्तींत आगीचें भय होतें व जागाही अपुरी होती. म्हणून १८४४ सालीं कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यांत आला. या जागेस इंग्रजींत ‘कॉटन ग्रीन’ म्हणत. पुढें सुमारें ऐंशीं वर्षें हिंदुस्थानच्या कापसाच्या व्यापाराचें हें एक मुख्य केंद्र होतें. आगगाडी कुलाब्यास कां गेली, याचें निम्में उत्तर या एका घटनेंत सांपडतें.

(३) लोहमार्गाचें आगमन

बोरीबंदर ते ठाणें हा हिंदुस्थानांतील उतारूंचा पहिला लोहमार्ग ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला. तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा. पश्चिम किनाऱ्याचें काम बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या, १८५५ सालीं स्थापन झालेल्या, निराळ्या कंपनीकडे होतें. लोकांत ती ‘बी. बी. सी. आय.’ या संक्षिप्त नांवानें ओळखली जात असे. या कंपनीनें आपलें काम मुंबईकडून आरंभिलें नाहीं. सुरतेच्या बाजूस तें प्रथम सुरू झालें व दक्षिणेकडे सरकत आलें. वाटेंत वसईच्या खाडीसारखे मोठे जलप्रवाह ओलांडावयाचे होते. १८६४ च्या नोव्हेंबरांत गाडी मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोंचली.

ग्रँट रोड त्या काळीं शहराच्या कडेस होता. कोट, गोदी आणि कापसाचा बाजार हीं सर्व त्याहून दूर, दक्षिणेस. गुजराथ व काठेवाड या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांचा माल ग्रँट रोडला उतरवून पुन्हां बैलगाड्यांनीं कुलाब्यास नेणें म्हणजे आगगाडीचा अर्धा लाभ वायां दवडणें होय. म्हणून मार्ग दक्षिणेस वाढविणें कंपनीस भाग होतें. परंतु गिरगांव आणि कोट यांमधील दाट वस्तींतून रूळ न्यावयाचे तर जमीन मिळणें दुर्घट. उरला तो समुद्रकांठ, म्हणजे बॅकबेचा उथळ किनारा.

येथें भरणीचा संबंध येतो. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास अपूर्व भाव आला. त्या पैशाच्या पुरांत अनेक कंपन्या निघाल्या. त्यांत बॅकबे भरणी कंपनी ही सर्वांत गाजलेली. समुद्र हटवून लोहमार्गास जागा द्यावयाची व उरलेली जमीन विकून नफा मिळवावयाचा, असा या योजनेचा आशय होता. युद्ध संपतांच कापसाचा भाव कोसळला. ता. १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याची मुदत आली, तेव्हां शहरांतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. भरणी कंपनीही त्याच लाटेंत नाहींशी झाली. मागें उरली ती किनाऱ्यालगतची अरुंद पट्टी. सरकारच्या हातीं आलेल्या या पट्टीचा उपयोग लोहमार्गाकडे झाला. भव्य संकल्पांतून नवें शहर निपजलें नाहीं. दोन रुळांस पुरेल एवढी वाट मात्र निपजली.

(४) विरारपासून कुलाब्यापर्यंत

ता. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरार ते बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसांतून एक गाडी येई व एक परत जाई. मुंबईच्या पश्चिम उपनगरी वाहतुकीचा आरंभ या तारखेपासून मोजतात. तिच्या थांब्यांच्या नांवांत ‘पहाडी’ आढळते, तें आजचें गोरेगांव. आणि वसईच्या खाड्यांमधील ‘पांजे’ आढळतें, तें आज उपनगरी स्टेशनांच्या यादींत नाहीं. म्हणजे लुप्त झालेलें स्टेशन कुलाब्याचें एकटेंच नव्हे.

१८७० सालीं चर्चगेट स्टेशन उघडलें. कोटाच्या तटबंदीस पश्चिमेकडे चर्चगेट नांवाची वेस होती. १८६२ नंतर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत तट पाडला गेला, वेस गेली आणि नांव मात्र रस्त्यास व स्टेशनास चिकटून राहिलें. त्यानंतर लवकरच, १८७३ च्या सुमारास, मार्ग कुलाब्यापर्यंत पोंचला. तेथील पहिली व्यवस्था तात्पुरती होती. ऐसपैस व कायमची इमारत १८९६ सालीं उघडण्यांत आली, म्हणजे जवळ जवळ पाव शतक कंपनीनें तात्पुरत्या इमारतीवर काम भागविलें.

कुलाब्याचें महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीवरूनही दिसतें. ता. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, तेव्हां पहिला रस्ता निवडला तो कुलाब्यापासून पायधुणीपर्यंतचा. आगगाडीनें आणलेला माणूस शहरांत जावा व शहरांतला माणूस आगगाडीस यावा, अशी सोय दोन वर्षांच्या आंत झाली. १९०० सालापर्यंत या उपनगरी मार्गावर रोज दोन्ही दिशांनीं प्रत्येकीं ४५ गाड्या धांवूं लागल्या होत्या, आणि वर्षाच्या उतारूंची संख्या दहा लाखांवर गेली होती. वांद्रें, अंधेरी, बोरिवली या गांवांस मुंबईच्या नोकरदारांची वस्ती वाढत गेली ती या गाड्यांच्या आधारानें.

कंपनीची मुख्य कचेरी कुलाब्यास गेली नाहीं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनीं आंखलेली ती प्रसिद्ध इमारत चर्चगेटसमोर १८९९ सालीं पुरी झाली व अद्याप तेथेंच आहे. कारभार चर्चगेटास व गाड्यांचें शेवटचें ठाणें कुलाब्यास, अशी ही विभागणी होती. पुढें शेवटचें ठाणें मागें सरलें, तेव्हां तें कचेरीच्या दारांतच येऊन थांबलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

(५) अखेरचीं वर्षें

कुलाबा स्टेशनाचीं शेवटचीं तीन वर्षें हीं त्याच्या वैभवाचीं होतीं. ता. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्याच वर्षीं ता. १ सप्टेंबरपासून पेशावरपर्यंत जाणारी ‘फ्रंटियर मेल’ ही जलद गाडी सुरू झाली. विलायती टपालाच्या मोसमांत ती बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून निघे, एरवीं कुलाब्याहून. म्हणजे मुंबईपासून सरहद्द प्रांतापर्यंतच्या प्रवासाचा आरंभ या स्टेशनांतून होत असे. यानंतर केवळ २ वर्षें ४ महिन्यांनीं स्टेशन बंद झालें. केवळ स्टेशनाकडे पाहिल्यास याचा उलगडा होत नाहीं. भोंवतालच्या जमिनीकडे पाहिल्यास होतो.

(६) बंद होण्याचीं कारणें

पहिलें कारण कापसाचें. विसाव्या शतकाच्या पहिल्या पादांत बंदराचा विस्तार पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडे होत गेला. पोर्ट ट्रस्टनें १९१५ पासून आपली स्वतंत्र रेल्वे चालविली आणि शिवडी येथें भरणीच्या जमिनीवर कापसाच्या नव्या वखारी बांधल्या. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत कापसाचा बाजार कुलाब्याहून तिकडे गेला. जातांना नांवही बरोबर घेऊन गेला, आणि म्हणून आज ‘कॉटन ग्रीन’ हें स्टेशन कुलाब्यापासून दूर हार्बर मार्गावर आढळतें. ज्या मालासाठीं रूळ कुलाब्यास गेले तो माल आतां तेथें येईनासा झाला.

दुसरें कारण दुसऱ्या भरणीचें. कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्यावर सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें पूर्वींच थोडी भरणी करून कफ परेडचा रस्ता काढला होता. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं विकास खातें काढून बॅकबेची मोठी योजना हातीं घेतली. एकंदर ११४५ एकर जमीन ८ खंडांत मिळवावयाची असा बेत होता. खर्च अंदाजाबाहेर गेला, भरलेला गाळ भिंतींतून वाहून जाऊं लागला, आणि के. एफ्. नरीमन यांनीं या कारभारावर उघड टीकेची झोड उठविली. १९२६ सालीं चौकशी समिती बसली. अखेर पहिला, दुसरा, सातवा व आठवा हे चार खंडच पुढें चालविण्यांत आले.

योजना आंखडली तरी लोहमार्गावरील संकट टळलें नाहीं. भरणीपूर्वीं रुळांच्या पश्चिमेस समुद्र होता. रुळांनीं कोणाचीच वाट अडत नव्हती. भरणी झाल्यावर रुळांच्या पश्चिमेस विकावयाची जमीन आली आणि पूर्वेस कोटाचें शहर. मध्यें चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत रुळांचा पट्टा. नव्या जमिनीवर जाण्यासाठीं जागोजाग फाटकें ठेवावीं लागणार, आणि विजेच्या गाड्यांची ये-जा वाढल्यावर तीं बहुतेक वेळ बंद राहणार. शिवाय रुळांखालील जागाही आतां शहराच्या अत्यंत मोलाच्या भागांत येत होती. १८६५ च्या अपयशानें लोहमार्गास दिलेली किनाऱ्याची पट्टी १९३० च्या मुंबईस किनारा राहिली नव्हती.

तिसरी गोष्ट कारण नसून सोय होय. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीं नवें ठाणें मिळाल्याखेरीज कुलाबा सोडतां येत नव्हतें. क्लॉड बॅटली यांनीं आंखलेलें बाँबे सेंट्रल हें स्टेशन ता. १८ डिसेंबर १९३० रोजीं उघडलें. शेजारचें उपनगरी स्टेशन तोंपर्यंत ‘बेलासिस रोड’ म्हणून ओळखलें जात होतें. त्यासही सेंट्रलचेंच नांव मिळालें. दूरच्या गाड्या तेथें गेल्या, उपनगरी गाड्यांस चर्चगेट हें टोंक ठरलें, आणि १३ दिवसांनीं, वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, कुलाबा स्टेशन बंद झालें. ता. १ जानेवारी १९३१ पासून चर्चगेट हें अखेरचें स्टेशन होय.

(७) अवशेष

स्टेशनाची जागा रेल्वेच्या ताब्यांत राहिली. तेथें आज रेल्वे अधिकाऱ्यांची ‘बधवार पार्क’ ही वसाहत आहे. १९५१ ते १९५४ या काळांत रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष असलेल्या फतेहचंद बधवार यांचें नांव तीस दिलेलें आहे. वसाहतीचें नांव स्टेशनानंतर पुष्कळ वर्षांनीं पडलेलें असल्यामुळें, त्यावरून पूर्वींच्या स्टेशनाचा बोध कोणासही होत नाहीं. चर्चगेट व कुलाबा यांमधील रुळांच्या पट्ट्यावर रस्ते व इमारती झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्यें मेट्रोचा तिसरा मार्ग कफ परेडपर्यंत पुरा झाला व चर्चगेटच्या दक्षिणेस ९४ वर्षांनीं पुन्हां रुळांवरून गाडी जाऊं लागली. या वेळीं ती भुयारांतून जाते. जमिनीवर तिच्यासाठीं पट्टी मागण्याचा प्रसंग आला नाहीं. १९३० सालीं जो प्रश्न स्टेशन उठवून सोडविला, तो आज खोलीनें सोडविला आहे.

(८) कागदांचा काल ठरविण्याचीं साधनें

वरील इतिहासाचा प्रत्यक्ष उपयोग तारीख नसलेल्या कागदांचा काल ठरविण्याच्या कामीं होतो. जुनीं तिकिटें, वेळापत्रकें, मालाच्या पावत्या, नकाशे व पेढ्यांचीं पत्रें यांवर स्टेशनांचीं नांवें असतात, तारीख असतेच असें नाहीं. त्यांस पुढील कसोट्या लावाव्या :

(अ) ग्रँट रोड हें मुंबईंतील शेवटचें ठाणें धरलेलें असल्यास मजकूर १८६४ अखेर ते १८६७ या अवधींतील समजावा.

(आ) मार्गाचें टोंक ‘बॅकबे’ असल्यास १८६७ नंतरचीं आरंभींचीं वर्षें धरावीं. चर्चगेटचा उल्लेख असल्यास काल १८७० च्या मागें नेतां येत नाहीं.

(इ) उपनगरी मार्गावर कुलाब्याचें नांव असल्यास मजकूर १८७३ च्या सुमारापासून १९३० अखेरपर्यंतचा. त्यांत विजेच्या गाड्यांचा उल्लेख असल्यास ही मुदत १९२८ ते १९३० या तीन वर्षांवर येते.

(ई) ‘बेलासिस रोड’ स्टेशन असल्यास १९३० अखेरच्या पूर्वींचा, व ‘बाँबे सेंट्रल’ असल्यास त्यानंतरचा.

(उ) बी. बी. सी. आय. हें नांव ता. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं पश्चिम रेल्वे निर्माण होईपर्यंत चाललें. त्या नांवाचा, परंतु चर्चगेट हें टोंक दाखविणारा कागद बहुधा १९३१ ते १९५१ मधील होय.

या कसोट्या छपाईचा काल सांगतात, वापराचा नव्हे. छापील नमुन्यांचा सांठा संपेपर्यंत ते वापरण्याची कचेऱ्यांची रीत सर्वत्र असते; म्हणून हातानें लिहिलेला मजकूर छापील मथळ्याहून बराच नंतरचा असूं शकतो. ग्रंथांच्या मौनासही हाच नियम लावावा. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चें. त्या सालीं पश्चिमेकडचा लोहमार्ग शहरांत आलाही नव्हता, तेव्हां त्यांत कुलाबा स्टेशन शोधणें व्यर्थ. बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा; तो स्टेशनाच्या पहिल्या, तात्पुरत्या इमारतीच्या काळांतला. दोन्ही ग्रंथ एकत्र ठेवून वाचल्यास मधल्या २६ वर्षांत किनारा कसा बदलला याची कल्पना येते.

किल्ला पडला तरी जोतें राहतें, देऊळ मोडलें तरी शिलालेख सांपडतो. स्टेशनाचें तसें नाहीं. रूळ उपटले, इमारत उतरविली कीं जमीन कांहींच बोलत नाहीं. कुलाबा स्टेशनाचा पुरावा आतां कागदांतच उरला आहे, आणि ते कागद कोणी मोलाचे मानीत नाहीं म्हणून रद्दींत जात आहेत. कुलाब्याच्या कापसाच्या पेढ्यांच्या वह्यांतील मालाच्या पावत्या, भरणी कंपन्यांचीं भागपत्रें, घरोघर पडलेलीं जुनीं वेळापत्रकें, हीं ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांवरील स्टेशनांचीं नांवें जशींच्या तशीं उतरून नोंदवून ठेवावीं. ‘कुलाबा’ असें नांव दिसल्यास तें किल्ल्याचें, जिल्ह्याचें कीं बेटाचें, याचा निर्णय नोंदींतच लिहावा. मागाहून येणाऱ्या अभ्यासकास यापेक्षां अधिक उपयुक्त मदत दुसरी नाहीं.